एकट्याची झडती

"उभा राहा," सर म्हणाले.

मी उभा राहिलो. गिरगावातल्या कॉलेजात एम.ए.चा वर्ग. विषय मुस्लिम समाजांतला इस्लाम आणि राजकारण. वर्गात पंधरा-सोळा जण, मुसलमान मी एकटा. सरांनी हातातलं जाडजूड पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"इतके दिवस पुस्तकात वाचलंत. आता प्रत्यक्ष बघा. काय रे, तू आधी मुसलमान की आधी मराठी?"

सगळ्या माना वळल्या. महिनाभर आम्ही तुर्कस्तान, इजिप्त, इराण शिकत होतो. खिलाफत का बुडाली, मौलवी आणि राजे एकमेकांच्या उरावर का बसले. सगळ्यांत जास्त टिपणं माझी असायची. आज माझीच टिपणं काढायला वह्या उघडल्या होत्या.

मी काय म्हणालो? खोटं कशाला बोलू. "आधी मराठी, सर." पटकन म्हणालो. लाळघोटेपणाने म्हणालो.

"शाबास!" टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि मराठी किती स्वच्छ बोलतो!"

माझं गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. माझ्या आजीला मराठीशिवाय बोलायला दुसरी भाषा येत नव्हती. ती कोंबड्यांना शिव्या मराठीत द्यायची आणि आमच्यासाठी देवाकडे मागणंही मराठीतच मागायची. तरी त्या 'स्वच्छ'वर मी हसलो. आभार मानल्यासारखा हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

सर वाईट नव्हते, असं लोक सांगतात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत ते तळमळीने बोलायचे, मीही गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक तेच. गिरणगावातल्या मुसलमान विणकरांचं राजकारण हा माझा विषय. दोन वर्षं चाळीचाळींतून फिरून मी तो लिहिला होता. सरांची सही झाली तरच तो विद्यापीठाकडे जाणार होता. तेव्हा त्यांना खूश ठेवणं भाग आहे, असं मला वाटायचं.

संध्याकाळी लालबागला खोलीवर आलो. अब्बा गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. पहिली पाळी करून आले होते, चहा पीत होते. मी मोठ्या फुशारकीने सगळं सांगितलं. टाळ्यांसकट.

अब्बांनी बशी खाली ठेवली. "शेजारच्या पोराला काय इचारलान?"

"काही नाही."

"त्याच्या पलीकडच्याला?"

"कुणालाच नाही. फक्त मला."

"मग ती शिकवणी नाय. झडती ती."

पाळी सुटली की गिरणीच्या गेटवर दरवान कामगारांची झडती घ्यायचा. कुणी सूत, कापड पळवतोय का ते बघायला. साहेबांची नाही, कामगारांची. हात वर करायचे, तो अंग चाचपायचा. अपमान रोजचा, पण सगळ्यांचा. एकट्यालाच रांगेतून बाहेर काढलं, तर त्याच्यावर चोरीचा आळ. अब्बांच्या साचेखात्यात मग एक रिवाज पडला होता. एकाला बाहेर काढलं की अख्खी रांग हात वर करून उभी राहायची. घे, आमचीही घे. मराठे असोत, उत्तरेकडचे असोत, मुसलमान असोत. एक जण घरी जायचा नाही. शेवटी दरवानच कंटाळायचा. दलितांना मात्र त्या खात्यात घेतच नसत, आणि त्यावर आमच्यातल्या कुणी कधी हात वर केला नाही. तेही मी प्रबंधात लिहिलं होतं.

अब्बांनी मला हात वर करून दाखवले. डावा सरळ गेला. उजवा कानापाशी अडकला. त्या खांद्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठी बसली होती. लाठी बसली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आधी कोण आणि मग कोण.

"तुझ्या रांगेत कोणी हात वर केलान?"

"टाळ्या वाजवल्या."

अब्बा अर्धा चहा तसाच ठेवून उठले. मला लाज वाटली. सरांची नाही, माझी. मागोमाग राग आला, तो अजून गेलेला नाही.

पुढच्या आठवड्यात बाहेरगावचे एक विद्वान वर्गावर आले. सर त्यांना म्हणाले, "आमच्याकडे एक उत्तम नमुना आहे." मग माझ्याकडे वळून, "ऊठ. सांग यांना. आधी कोण?"

नमुना. मी उठलो. वही बाकावर ठेवली. दोन्ही हात वर केले, गेटवर करतात तसे.

"हे काय?"

"झडती घ्या, सर. पण सगळ्या बाकांची घ्या. आधी जात की आधी मराठी, आधी हिंदू की आधी मराठी, एकेकाला उभं करून विचारा. सुरुवात तुमच्यापासून. शेवटी मी सांगतो."

"खाली बस. हा राजकारणाचा वर्ग आहे, तमाशाचा फड नाही."

मी बसलो नाही. वर्गाकडे पाहिलं. मोर्चात माझ्या शेजारी घोषणा देऊन घसा बसवून घेतलेले तिघे त्यात होते. त्यातल्या एकाच्या डब्यातलं मी रोज खायचो. त्याने वहीत डोकं खुपसलं. एकही हात वर गेला नाही. साचेखात्यातल्या अंगठेबहाद्दरांना जे कळत होतं, ते एम.ए.च्या वर्गाला कळलं नाही. की कळलं होतं, म्हणूनच हात खाली राहिले?

खांदे भरून येईपर्यंत मी तसाच उभा होतो. मग वही उचलली आणि बाहेर पडलो.

सरांनी सही केली नाही. 'लेखकाला विषयाकडे तटस्थपणे पाहता येत नाही' असा शेरा मारून प्रबंध परत दिला. तटस्थ! चाचपणारा तटस्थ आणि हात वर करणारा पक्षपाती. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली. चाळीत पेढे वाटले, अब्बांनीही वाटले, लाठी खाल्लेल्या त्याच हाताने. मी पेढा खाल्ला. तो माझ्याही हक्काचा होता, आणि त्यासाठी मला कुणाच्या शाबासकीची गरज नव्हती.

प्रबंध पुन्हा लिहायला घेतलाय. विणकर तेच, चाळी त्याच. पहिलं प्रकरण मात्र नवं आहे, त्या वर्गाचं. कोण कुठल्या बाकावर होतं, कुणाचे हात कुठे होते, सगळं लिहिलंय. त्यात सरही आहेत. अभ्यासाचा विषय म्हणून. सही मागायला मी त्यांच्या दारात जाणार नाही. आणि एकट्याला उभं करून विचारलेल्या प्रश्नाला यापुढे माझ्याकडून उत्तर मिळणार नाही.