साडेचार मिलिमीटरची चूक

इंजिन रुळावर ठेवलं आणि ते बसलं नाही.

पहिल्यांदा वाटलं, आपणच तिरपं ठेवलं. चष्मा पुसून पुन्हा ठेवलं. डावीकडची चाकं रुळावर नीट बसवली की उजवीकडची घसरून मधल्या पट्ट्यांवर टेकायची. उजवीकडची बसवली की डावीकडची. इंजिन तिरपं होऊन माझ्याकडे बघत होतं, म्हैस गाळात फसल्यावर बघते तसं.

बायको समोर भेंडी चिरत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "लहान पडलं काय?"

"नाही, बसते," मी म्हणालो, आणि पट्टी आणली. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. इंजिनाच्या दोन चाकांमधलं बारा. साडेचार मिलिमीटरचा फरक, आणि इंजिनाची किंमत बेचाळीस हजार रुपये.

ही चूक एखाद्या डॉक्टराची किंवा किराणा दुकानदाराची असती तर लोकांनी पोटात घातली असती. मी भूकरमापक आहे. वाशिम जिल्ह्यात लोकांची शेतं मोजून देणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी काढायच्या बेतात असतात, मी यंत्र लावतो, हद्दीची खूण दाखवतो आणि दोघंही गप्प होतात, निदान मी गाडीत बसेपर्यंत. माझ्या मोजणीवर लोक भरवसा ठेवतात. अशा माणसानं घरच्या घरी इंजिन आणि रूळ यांची मोजणी न करता बेचाळीस हजार पाठवले होते.

खरं तर चूक झाली ती माझ्या धंद्यामुळेच. आमच्याकडे दोन गावांचे नकाशे एकाच प्रमाणात असले की ते एकमेकांना जोडता येतात. रूळ घेताना मी प्रमाण पाहिलं होतं, सत्त्याऐंशीला एक. म्हणजे खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग. इंजिनाच्या खोक्यावरही सत्त्याऐंशीला एक असंच छापलेलं. प्रमाण जुळलं म्हणजे सगळं जुळलं, असं समजून मी निर्धास्त राहिलो. पण माझे रूळ होते रुंद लाईनचे आणि इंजिन छोट्या लाईनचं. छोटी लाईन सत्त्याऐंशी पटीनं लहान केली तरी ती छोटीच राहणार, हे चौथीतल्या पोरालाही सांगता आलं असतं.

छोट्या लाईनचंच इंजिन हवं, हा हट्टही माझाच. माझं लहानपण जऊळक्यात गेलं. तेव्हा आमच्या गावावरून मीटरगेजची गाडी जायची. तिला सगळे छोटी लाईन म्हणायचे. पुढे ती लाईन उखडून रुंद केली, लांबच्या गाड्या धावायला लागल्या, लोकांचं भलं झालं, माझी त्यात काही तक्रार नाही. फक्त ते काळं, पुढून बसकं, थांबल्यावरही धापा टाकणारं इंजिन कुठे दिसेनासं झालं. पन्नाशी जवळ आल्यावर मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. कुणीतरी आपल्या घराच्या माळ्यावर डोंगर, बोगदे, स्टेशन उभं करून त्यात गाड्या पळवत होता. त्या दिवसापासून माझं जे काही व्हायचं ते झालं.

या छंदाच्या किमती मी सांगायला लागलो की समोरच्याचा चेहरा बदलतो. तळहाताएवढा एक डबा नऊ हजारांचा. सिग्नलचा एक खांब, काडीपेटीएवढ्या उंचीचा, दीड हजार. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं बेचाळीस हजाराचा आकडा ऐकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, एवढ्यात तं जुनी स्कूटी येते. तिच्यावर बसता तरी येते." तो स्वतः दर शनिवारी मासे धरायला एरंडा धरणावर गळ घेऊन बसतो आणि रविवारी बाजारातून मासे विकत आणतो, हे मला माहीत आहे. त्याचा हिशेब मी काढला नाही, त्यानं माझा काढू नये, एवढंच माझं म्हणणं. पैसे माझ्या फिरतीच्या भत्त्याचे होते. दोन वर्षं बाहेरगावी मोजणीला गेलो की कधी जेवणाचा डबा घरून नेला, कधी नुसत्या चहावर दिवस काढला, त्यातून साठलेले. त्यामुळे बेचाळीस हजारात माझं थोडं वजनही गेलं आहे. तो फायदा मी धरतच नाही.

तर इंजिन बसत नव्हतं. बायकोनं भेंडीची परात बाजूला ठेवली आणि जवळ येऊन पाहिलं.

"आता काय करता?"

"पाहू."

"पाहू काय? परत करा."

परत घेणारं कोणी नव्हतं. इंजिन मी दुकानातून नव्हे, बंगळुरूच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या संग्रहातून घेतलं होतं. त्यांनी ते वीस वर्षं खोक्यातून बाहेर काढलं नव्हतं आणि त्याचाच त्यांना मोठा अभिमान. फोनवर म्हणाले होते, "एकदाही चाललेलं नाही." हे या छंदातलं एक विचित्र गणित आहे. जी गाडी चालवली तिची किंमत पडते, जी कधीच चालली नाही ती महाग होत जाते. चाकांच्या कडेवरचा मुलामा जरासा जरी घासला गेला तरी जाणकार भिंगातून ओळखतात.

माझी बायको शहराबाहेरच्या भाजीवाल्यांच्या घरातली. तिच्या माहेरी मेथी, पालक, वांगी आणि सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पिकतात आणि सकाळी सातच्या आत बाजारात जातात. कोणत्या मालाला गिऱ्हाईक कुठे आहे, हे तिला बघताच कळतं. दोनच दिवसांत, माझ्याच मोबाइलवरच्या छंदवाल्यांच्या ग्रुपमधून, तिनं पुण्याचा एक संग्राहक शोधला. तो पंचेचाळीस हजार म्हणाला. बायकोनं त्याच्याशी स्वतः बोलून ते अठ्ठेचाळीसवर नेले. मी शेजारी बसून ऐकत होतो.

"दादा, कोरं हाये," ती सांगत होती. "खोक्यातून फक्त एकदा काढलं, तेही बसलं नाही म्हनून. चाक नाही फिरलेलं. तुमी भिंग लावून पाहा, अजून काही पाहा."

तिनं फोन ठेवला. "सहा हजार वरून भेटले. आता तुमी त्याले चाकांचे फोटो पाठवा, जवळून काढलेले. रविवारी तो मानूस येऊन घेऊन जाते."

मी हो म्हणालो. मनातून मला रडू येत होतं असं लिहिलं तर वाचकांना बरं वाटेल, पण तसं नव्हतं. मला हायसं वाटलं होतं. चूक झाकली जात होती आणि वर सहा हजार मिळत होते.

चाकांचा जवळून फोटो काढायला भिंग हवं म्हणून मी इंजिन घेऊन बाजारात घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. त्यांचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक स्टूल आणि त्यामागे ते स्वतः. त्यांच्या वडिलांचंही हेच दुकान होतं. मोबाइल आल्यावर घड्याळं कमी झाली, पण चाचा हटले नाहीत. आता ते टॉर्च, खेळणी, चष्म्यांच्या काड्या, जे येईल ते दुरुस्त करतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, इंजिन हातात घेतलं आणि उलटंपालटं करून पाहिलं.

"क्या चीज हाये साहेब," शेवटी म्हणाले. "चालवून पाह्यलं?"

"चालवायचं नाही. चालवलं की किंमत कमी होते."

चाचांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. "मंग हे चालते, हे तुमाले कसं मालूम?"

मला मालूम नव्हतं. बंगळुरूच्या गृहस्थांनाही मालूम नव्हतं. पुण्याच्या माणसाला तर गरजच नव्हती. चाचांनी मला न विचारता एका छोट्या बॅटरीच्या दोन तारा चाकांना टेकवल्या. आतून बारीक गुणगुण आली. चाकं हलली नाहीत. त्यांनी तारा लगेच बाजूला घेतल्या.

"अटकलं हाये. वीस साल पडून राह्यलं तं आतल्या तेलाचा गोंद झाला असंल. घड्याळाचंही असंच होते. जादा वेळ करंट दिला तं मोटर जळंल."

"दुरुस्त होईल?"

"होईल ना. पन खोलावं लागंल. चार स्क्रू. खोललं म्हनजे चालवूनही पाहा लागंल, न पाहता कसं सांगू का झालं?"

त्यांनी इंजिन माझ्यापुढे कपड्यावर ठेवलं आणि दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या टॉर्चमध्ये सेल घालायला घेतले. माझ्यासमोर दोनच रस्ते होते. न उघडता, बंद पडलेलं इंजिन कोरं म्हणून अठ्ठेचाळीस हजारांना द्यायचं. घेणारा कपाटात ठेवणार, त्याला कधी कळणारही नव्हतं. किंवा उघडायचं, आणि बायकोनं जमवलेला सौदा मोडायचा.

शेत मोजताना मी कुणाच्या डोळ्यांकडे बघत नाही, मापाकडे बघतो. ती सवय तेव्हा कामी आली. "उघडा," मी म्हणालो.

चाचांनी चार स्क्रू काढले. आतलं ग्रीस खरंच पिवळं, मेणासारखं घट्ट झालं होतं. त्यांनी ते रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, घड्याळाच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि पुन्हा तारा लावल्या. चाकं फिरली. पुढचा इवलासा दिवाही लागला. बाजारात त्या वेळी एवढा गलका होता, पण मला चाकं जोडणाऱ्या दांड्यांच्या खटखट आवाजाशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायको भडकली.

"मी त्याले बोलली होती. कोरं हाये म्हनून बोलली होती."

"बंद पडलेलं होतं ते."

"त्यानं चालू मांगितलं होतं काय?"

"नाही."

"मंग तुमाले कायले उठाठेव?"

मी म्हणालो, "तुझे बाबा सांभाराच्या जुडीत आतून पिवळी पानं घालत होते काय?"

"माझ्या बापाले मधात नका आनू," ती म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनंच पुण्याला फोन लावला. मला वाटलं होतं, मला लावायला सांगेल. "दादा, खोललं हाये," तिनं सरळ सांगितलं. "आतून जाम होतं, आता चांगलं चालते." पलीकडून बरंच काही आलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अठ्ठावीस? चालू झालं तं वीस हजार कमी? नाही जमत मंग. राहू द्या." फोन ठेवून मला म्हणाली, "येडा मानूस हाये. बंदचे जास्त देत होता."

आता इंजिन आमचंच राहणार होतं आणि त्याला रूळ नव्हते. बारा मिलिमीटरचे नवे रूळ परदेशातून मागवले तर चौदा हजार. चाचा म्हणाले, "रूळ तं तेच हायेत ना साहेब, फक्त जवळ घ्याचे." मग चार दिवस, ऑफिस सुटल्यावर, आम्ही दोघं त्यांच्या काचेच्या कपाटावर वाकून बसलो. जुन्या पट्ट्यांमधून रूळ ओढून काढले. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या कापून नव्या पट्ट्या केल्या. चाचांनी पितळेचा एक तुकडा कानशीनं घासून बरोबर बारा मिलिमीटरचा केला आणि तो मध्ये धरून आम्ही एकेक रूळ चिकटवत गेलो. वळणावर बाहेरचा रूळ आत घेतला की तो लांबीला जास्त होतो, तो सोनारी करवतीनं कापावा लागला. चाचांचं हसू थांबत नव्हतं. "सरकारनं तुमची लाईन मोठी केली," ते म्हणाले, "अन तुमी पैसे खर्च करून लहान करून राह्यले."

मोजणी या वेळी मी केली. प्रत्येक जोडावर, तीन तीनदा. काळजी नसावी.

रविवारी, ज्या दिवशी पुण्याचा माणूस यायचा होता, त्या दिवशी सकाळी मी रूळ बसवलेलं प्लायवूड बैठकीत मांडलं. दोनदा इंजिन वळणावर उतरलं. एका जोडाची कड बोटाला लागत होती, ती कानशीनं घासली. तिसऱ्यांदा पूर्ण फेरी मारून ते जिथून निघालं तिथे परत आलं. मी ते पुन्हा सोडलं, आणि पुन्हा. वेग कमी केला की दांड्यांचा एकेक फेरा मोजता येत होता. मुलामा नक्कीच घासत असणार, प्रत्येक फेरीला शे-दोनशे रुपये तरी पडत असतील. मी बटण सोडलं नाही. फुलं बघायची तर ती तोडू नका म्हणणारे लोक मला आवडतात, पण रेल्वे ही धावण्यासाठी केलेली वस्तू आहे आणि मी या मतावर ठाम आहे. बेचाळीस हजारांचा पुरेपूर मोबदला मला त्या सकाळी मिळाला, कुणी काही म्हणो.

बायको पदराला हात पुसत येऊन माझ्या मागे उभी राहिली होती. किती वेळ, ते मला कळलं नाही. वळणावर इंजिन थोडं हललं तेव्हा मागून "पडते, पडते!" ऐकू आलं. मी वळून पाहिलं.

"हे चालवलं की किंमत कमी होते ना?" तिनं विचारलं.

"होते."

"म्हनजे आता गेलीच."

"गेली."

तिनं चटई ओढली आणि माझ्या शेजारी बसली.

"मंग सरका तिकडे. द्या ते बटन इकडे."