आठ आटे

आटेमामा जगातली कुठलीही गोष्ट आट्यांत मोजायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच राहिलं. पाण्याचा व्हॉल्व्ह रस्त्यातल्या खड्ड्यात असतो. त्यात लांब लोखंडी चावी घालून गोल फिरवायची, एक फेरा म्हणजे एक आटा. तीसेक वर्षं हेच केलेल्या माणसाला दुसरं माप कुठून सुचणार? चहात साखर त्यांना कायम 'आर्धा आटा' कमी लागायची. नवीन साहेब 'लई घट्ट हाय, दोन आटं सैल कराय पायजे' असे असायचे. आणि मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र, हातातला टॅब, केसाला लावलेलं जेल, सगळं नीट न्याहाळून त्यांनी शेजारच्या पानवाल्याला विचारलेलं, "हे पावणं किती आट्याचं आसंल रे?"

मी मूळचा जयसिंगपूरचा. शाळेत मला मार्क कमी आणि टाळ्या जास्त पडायच्या, कारण हेडसरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत मी कुणाचाही आवाज काढायचो. पुढं कसाबसा डिप्लोमा झाला आणि कोल्हापुरात पाणी खात्याच्या कंट्रोल रूममध्ये कंत्राटावर चिकटलो. कंट्रोल रूम म्हणजे एसी, सहा खुर्च्या आणि भिंतभर पडदा. पडद्यावर अख्खं शहर. पाणी नीट पोचलं तर गल्ली हिरवी, नाहीतर लाल. आमचे साहेब त्या पडद्यासमोर हात मागं बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आता माणसानं बोलायचं नाही. डेटा बोलेल." मी हे वाक्य पोट पुढं काढून, त्यांच्याच आवाजात, जेवणाच्या सुट्टीत रोज म्हणून दाखवायचो.

पण डेटालासुद्धा आधी कुणीतरी बोलायला शिकवावं लागतं. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या खड्ड्यात आहे, तो किती वाजता किती उघडायचा, हे कुठल्या कागदावर धड नव्हतं. ते चावीवाल्यांच्या डोक्यात होतं. त्यांच्या डोक्यातनं काढून टॅबमध्ये भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मामांना मी सांगितलं, मी आकडे लिहून घ्यायला आलोय. ते दोन पावलं मागं सरकले.

"आकडं? मटक्याचं?"

मी म्हटलं, नाही हो मामा, पाण्याचे.

"मग बरं. पाण्याच्या आकड्यात कोण बुडलेलं ऐकलं न्हाई आजून."

रोज पहाटे मी त्यांच्या मागं गाडीवर. चावी त्यांच्या खांद्यावर आडवी, त्यामुळं समोरून येणारा प्रत्येक दूधवाला आम्हाला शिव्या घालत बाजूला व्हायचा. व्हॉल्व्ह फिरवून झाला की मामा चावीचा दांडा कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. डॉक्टर नळी लावतात तसं. मग हळूच सांगायचे, "निघालंय. त्या वळणाला हवा आडकलीया, आता पोचंल." मी टॅबवर सेन्सरचा आकडा बघायचो. मिनिटभरानं तोसुद्धा तेच सांगायचा. सेन्सर नवा, चकचकीत, त्याला वॉरंटी. मामांना दमा.

आता असा माणूस मिळाल्यावर मी कशाला सोडतोय? कंट्रोल रूममध्ये कानाला फूटपट्टी लावून, डोळे मिटून, मी मामांचा प्रयोग सुरू केला. लोक पोट धरून हसायचे. ते मामांच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर रस्त्यात चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, कर की आता माझ्यासमोर. पळायला जागा नव्हती. केलं. मामांनी माझा सगळा प्रयोग पाइपातलं पाणी ऐकावं तसा मान कलती करून ऐकला. मग चावी परत घेतली.

"आवाज जमला तुला. ऐकायचं तेवढं ऱ्हायलं."

एकदा मी त्यांना पडदा दाखवायला नेलं. दाराबाहेर चपला काढून ते आत आले, एसीनं अंग चोरून उभे राहिले. मी मोठ्या ऐटीत एकेक गल्ली मोठी करून दाखवली. ही तुमची, हीपण तुमची. त्यांनी बराच वेळ बघितलं. सगळं हिरवं होतं. शेवटी ते हळू म्हणाले, ह्यात घागरी कुठं दिसत न्हाईत. खोलीतले सगळे हसले. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मामांच्या हद्दीच्या टोकाला एक गल्ली होती, टेकावरची, चढ चढून जायची. चाळीसेक घरं, एकाला एक लागून. खाली नवी कॉलनी, तिथं बंगले, जमिनीतल्या टाक्या, पाणी ओढायच्या मोटारी. दोन्हीकडं एकाच पाइपातनं, एकाच वेळी, दिवसाआड पाऊण तास पाणी सुटायचं. कागदावर अगदी समान न्याय. पण खालच्या टाक्या भरेपर्यंत वर थेंब चढायचा नाही. म्हणून मामा शेवटची वीस मिनिटं राहिली की कॉलनीचा व्हॉल्व्ह आठ आटे आवळायचे. कॉलनीतली धार बारीक व्हायची, आणि दोन मिनिटांत टेकावरनं घागरींचा आवाज सुरू व्हायचा. किती वर्षं चाललेलं कुणाला ठाऊक. एकदा तो आवाज ऐकत उभे असताना ते म्हणाले होते, पुरात ह्याच कॉलनीतली माणसं वर येऊन ह्या घरांत राहिली होती, चटणी-भाकरी खाल्ली होती. पूर ओसरला, माणसं खाली गेली, आणि त्यांच्या टाक्या पहिल्यासारख्या आधी भरायला लागल्या.

आठ आट्यांचं मला सांगितलं तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "हे तेवढं लिवू नको."

आणि मी लिहिलं.

का लिहिलं, हे मी स्वतःला हजारदा समजावलंय. मामांची नोकरी सहा महिने उरली होती. नंतर सगळे व्हॉल्व्ह मोटारीवर जाणार, कम्प्युटर ते फिरवणार. मला वाटलं, हे आठ आटे सिस्टिममध्ये गेले तर मामा गेल्यावरही टेकावर पाणी चढत राहील. नाही लिहिलं तर मामांबरोबर जातील. शेरा म्हणून टॅबमध्ये सगळं नीट भरलं, कारणासकट. त्या दिवशी घरी जाताना मी शिट्टी वाजवत होतो.

कॉलनीत एक रिटायर गृहस्थ होते. शेवटची वीस मिनिटं धार बारीक होते, गाडी धुता येत नाही, अशी तक्रार ते ॲपवर दर पाण्याच्या दिवशी टाकायचे, फोटोसकट. त्यामुळं पडद्यावर कॉलनी लाल व्हायला लागली. टेकावरच्या बायका ॲपवर कधी गेल्याच नव्हत्या. त्यांना काही सांगायचं असलं तर त्या मामांची गाडी अडवायच्या. म्हणून टेकाच्या तक्रारी शून्य. साहेबांनी लाल रंगाचं कारण शोधायला सांगितलं आणि सिस्टिमनं एका सेकंदात माझा शेरा काढून दिला.

चौकशीला मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पडदा मीच चालवत होतो. साहेबांनी त्यांना शेरा वाचून दाखवला, कारण मात्र वाचलं नाही. मग शांतपणे विचारलं, "हे कुणाच्या परवानगीनं?"

"पाणी वर चढत न्हवतं सायेब."

"वरून एक तक्रार दाखवा मला."

मामांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. साहेबांनी पुढं विचारलं, हे तुम्ही स्वतः या मुलाला सांगितलंत का? मी तोंड उघडलं. लिहू नको म्हणाले होते, एवढंच सांगायचं होतं मला. मामांनी बोलू दिलं नाही.

"व्हय, मीच सांगितलं. पोरानं बरोबर लिवलंय."

मनमानी म्हणून ठपका बसला. चावी काढून घेतली आणि उरलेले महिने त्यांना पाण्याच्या टाकीच्या गेटवर, आल्यागेल्याच्या सह्या घ्यायला बसवलं. मी भेटायला जायचो. ते वही पुढं सरकवायचे. मी सही करायचो. कुणालाही हसवू शकतो असा माझा समज होता, तो त्या गेटवर मोडला.

पुढच्याच महिन्यात तिथं मोटारीचा व्हॉल्व्ह बसला. पाऊण तास पूर्ण उघडा, मग पूर्ण बंद. कॉलनी हिरवी झाली. टेकही हिरवंच राहिलं, कारण तिथला सेन्सर चढाच्या तळाला बसवलेला, आणि तळाला पाणी भरपूर. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तक्रार आणा. मी टेकावर गेलो. तिथल्या सुशीलाक्का म्हणजे गल्लीचा आवाज. घरोघर धुणीभांडी करून दमलेली बाई, पण बोलायला लागली की कुत्री गप्प बसायची. मी तिच्या मोबाइलवर ॲप घालून दिलं. ती म्हणाली, "ह्येच्यात सांगून पाणी यालंय व्हय? मामा कुठं हाईत ते सांग." तरी तिनं तक्रार टाकली, शेजारणींकडून टाकून घेतल्या. सिस्टिमनं सगळ्या एकाच जागेच्या म्हणून एकत्र केल्या, सेन्सरचा आकडा बघितला आणि 'निकाली' असा शिक्का मारला. दोनदा, तीनदा, हेच. व्हॉल्व्हला हात लावायचा अधिकार साहेबांच्या लॉगिनला. मी फक्त बघू शकत होतो.

मामा रिटायर होऊन राधानगरीकडं त्यांच्या गावी गेले. निरोपाला हार नव्हता, ठपका असलेल्याला कोण घालणार. थंडीत कळलं की दमा वाढलाय. सुट्टी काढून गेलो. घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले होते, निम्मे झालेले. बोलायला दम पुरत नव्हता. माझी चौकशी केली, जेवून जा म्हणाले. मग दम घेऊन एवढंच विचारलं, "वर पाणी चढतंय न्हवं?"

आजारी माणूस. मी म्हटलं, चढतंय की मामा. जोरात चढतंय.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, समाधान झालं.

मामी मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. चालता चालता सहज म्हणाल्या, त्या टेकावरच्या बायकांना जरा सांगा बाबा, फोन करू नका म्हणून. पाण्याच्या दिवशी हटकून फोन येतोय, पाणी न्हाई म्हणून. ह्यांना बोलवत न्हाई, तरी सगळं ऐकून घेत्यात.

"आन् काय सांगतात त्यांना?" मी विचारलं.

"पोरगं बघालंय, म्हणत्यात."

एसटीत बसल्यावर मला कळलं की मी काय केलं होतं. ते मला पाण्याबद्दल विचारत नव्हते. पाण्याचं त्यांना माहीत होतं. परत जाऊन पाय धरावेत असं वाटलं, पण गाडी सुटली होती, आणि खरं सांगायचं तर गाडी सुटली म्हणून मला जरा बरंच वाटलं. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं. त्या आधीच मामा गेले.

पंधरा-वीस दिवसांनी सुशीलाक्काचा फोन आला. मामा गेल्याचं तिला कळलं होतं. थोडी रडली. मग म्हणाली, मामांनी तुझा नंबर देऊन ठेवलाय, पोरगं बघालंय म्हणत होते. बघालाईस न्हवं?

मी व्हय म्हटलं.

"मग ये की बघायला. उद्या पाण्याचा दिवस हाय."

गेलो. तिच्या दारातल्या नळाखाली घागर, घागरीमागं बादली, बादलीमागं तेलाचा रिकामा डबा. गल्लीभर तसंच. पाण्याची वेळ झाली तसा नळ थोडा खोकला, हवा आली. खालनं कॉलनीतल्या टाक्यांत पाणी पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पाऊण तास आम्ही सगळे नळाकडं बघत उभे होतो. कुणी मला बोल लावला नाही. वेळ संपली, तशा बायकांनी एकेक करून कोरडी भांडी आत नेली.

सुशीलाक्का आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. काठोकाठ कप. पाणी कुठनं आणलं, हे मला विचारता आलं नाही. उभ्या उभ्या प्यालो, तळाला एक थेंब ठेवला नाही.