पुढच्या दाताचं मूळ

माझ्या वरच्या पुढच्या दाताच्या मुळाशी पू झाला होता आणि ते मी घरात कुणालाही कळू दिलं नव्हतं. आम्ही आष्टीकडचे गुरव. गावच्या महादेवाची पूजा आणि दिवेलागणीची सनई आमच्या घरात होती. अंगातून रक्त किंवा पू वाहत असेल त्या गुरवानं देवाच्या कामाला हात लावायचा नाही, असा आमच्यातला दंडक. पूजा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी केली असती. पण सनई कोण वाजवणार? त्यांचे पुढचे दात केव्हाच गेलेले. सनईचा मान सरळ चुलत्याच्या घरी गेला असता आणि चुलतभाऊ त्यासाठी टपूनच बसला होता. म्हणून हिरडीवरची पुटकुळी फुटली की ती घाण मी निमूट गिळायचो आणि पुन्हा सनई तोंडाला लावायचो. देवाला कळलं असेल तर त्यानं तक्रार केली नाही. माणसांनी नक्की केली असती.

दाताला मार लागला होता तो विहिरीवरच्या मोटेचा नाडा तुटून तोंडावर बसला तेव्हा. दात पडला नाही, फक्त हळूहळू काळवंडला. मला वाटलं, बला टळली. वर्ष गेलं आणि मग मुळाशी ठणका सुरू झाला. लवंग झाली, हिंग झाला, भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातले किडे पाडून झाले. किडे पडले म्हणतात ते मला कधी दिसले नाहीत. डोळ्यांतून पाणी मात्र भरपूर पडलं.

एका संध्याकाळी ऐन वाजवताना पुटकुळी फुटली आणि सूर घसरला. आबा नंदीपाशी डोळे मिटून बसले होते, त्यांनी डोळे उघडले. माझे उस्तादही तेच. घरी आल्यावर त्यांनी माझी हनुवटी धरली, ओठ वर केला, पाहिलं आणि सोडून दिला. शिव्या खायची माझी तयारी होती. ते सनई पुसून ठेवायला आत गेले. दोन दिवसांत ओठ सुजून नाकाला भिडला आणि गावभर झालं. संध्याकाळची सनई तात्पुरती चुलतभावाकडे गेली. तात्पुरती एवढ्याचसाठी की मानाचा खरा निवाडा महाशिवरात्रीला होई. त्या दिवशी दिवेलागणीला ज्या घरचा मान त्या घरच्याच माणसाच्या तोंडून सनई निघाली पाहिजे. नाही निघाली तर मान दुसऱ्या घरी, आणि गेलेला मान परत येत नाही.

चुलतभावाला माझी फार काळजी. नदीकाठी वैदूंचं पाल पडलं होतं, तिथून तो एकाला चिमट्यासकट आमच्या दारात घेऊन आला. म्हणे एका हिसक्यात मोकळा होशील. दुखणं माझं आणि घाई त्याला! खरं सांगायचं तर मीही तयार होतो. इतका ठणका होता की दातच काय, जबडा काढून द्या म्हटलं असतं तरी दिला असता. आबा उंबऱ्यात आडवे उभे राहिले आणि त्यांनी वैदूला ज्वारी घालून परत पाठवलं. मग माझ्याकडे वळले.

"पुढचा दात गेला की सनईच्या पत्तीवर ओठ ठरत न्हाई. वारा सुटतो. माझं बघितलंस न्हवं? दात ऱ्हायला पायजे."

नगरला पलटणीतून पेन्शनीत निघालेला एक डॉक्टर दातांचं बघतो, असं त्यांनी बाजारात ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली. सरहद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांनी गाडी अडवली, कडबा उपसला आणि माझं सुजलेलं तोंड बघून तोंडात काय लपवलंय म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं. वास आल्यावर त्यांनी लगेच जाऊ दिलं.

डॉक्टर म्हातारा, तुसडा, पण हाताचा हलका. त्यानं आरशाचा तुकडा घालून पाहिलं आणि दात काढावा लागेल म्हणाला. आबांनी पिशवीतून सनई काढली, पत्ती ओठांत धरून दाखवली आणि आपल्या बोळक्या तोंडातून वारा कसा सुटतो तेही दाखवलं. डॉक्टरनं सनई हातात घेऊन पत्ती बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाला की एक उपाय आहे, पण आपण तो थोड्याच वेळा केला आहे. दात आतून पोखरून भरायचा, मग हिरडी चिरून, वरचं हाड फोडून, मुळाचं फक्त सडलेलं टोक कापून काढायचं. दात जागच्या जागी राहील. राहिला तर. भूल देऊन निजवता येणार नाही, कारण रक्त घशात उतरेल. सुईनं हिरडी बधिर करता येईल, पण शेवटपर्यंत बधिर राहील याची हमी नाही.

मला खुर्चीत बसवलं. आबांनी मागून माझं डोकं छातीशी आवळून धरलं. कंपाउंडर पायानं चाक फिरवू लागला आणि दातात बारीक सळई घरघरायला लागली. तेवढं सोसलं. मग हिरडीवर काहीतरी गार फिरलं. दुखलं नाही, पण तोंड गरम रक्तानं भरून आलं. मग पटाशी आणि हातोडी. दुखत नव्हतं तरी प्रत्येक ठोका डोळ्यांच्या मागे वाजत होता. रक्त घशाकडे सरकलं, श्वास कोंडला आणि मी उठायला बघू लागलो. मला त्या वेळी सनई नको होती, मान नको होता, काही नको होतं. तेव्हा आबा कानाशी वाकले.

"नाकानं."

एवढंच. सनई शिकवताना ते हेच सांगायचे. गालात वारा धरून ठेवायचा, तोंडाचं काम तोंडाला करू द्यायचं आणि श्वास नाकानं घ्यायचा. मी घेतला. त्यांची छाती माझ्या डोक्यामागे वर-खाली होत होती, तिच्याबरोबर घेत राहिलो.

मध्येच बधिरपणा उतरला. डॉक्टर थांबला, कपाळ पुसलं आणि माझ्याकडे न बघता आबांना म्हणाला की मूळ वाटलं होतं त्यापेक्षा बारीक आहे, पुढचा घाव चुकला तर दात आडवा चिरेल, सगळं सोसून वाया जाईल. अजून सुटका आहे, दात उपटून देऊ का? मी हो म्हणून मान हलवायला बघितली, पण मान आबांच्या हातात होती. मला अजून आठवतं, मी त्या क्षणी त्यांचा द्वेष केला.

"न्हाई," आबा म्हणाले. "कापा तुमी."

पुढचं मी सांगत नाही. सांगण्यासारखं काही नाही, ओरडायचंही जमत नव्हतं. शेवटी डॉक्टरनं ज्वारीच्या दाण्याएवढं पिवळं टोक थाळीत टाकलं, रेशमाच्या धाग्यानं हिरडी शिवली आणि दात बोटानं हलवून पाहिला. हलला नाही. आबांनी माझं डोकं सोडलं आणि ते भिंतीशी जाऊन खाली बसले.

निघताना डॉक्टरनं बजावलं की दोन महिने फुंकायचं नाव काढायचं नाही. आतलं हाड भरलेलं नाही, जोर बसला तर केलेलं सगळं मातीत. महाशिवरात्र पुढच्याच पंधरवड्यात होती. हे आबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

महाशिवरात्रीला देवळापुढे जत्रेची गर्दी. टाके निघाले होते, ठणका नव्हता, दात होता. मी मनाशी ठरवलं होतं की एक सूर, फक्त एक, काढायचा. मग काय व्हायचं ते होवो. चुलतभाऊ आपली सनई घेऊन खांबाशी उभा होता.

"का रं, तोंड शिवलंय व्हय?" तो हसून म्हणाला.

दिवे लागले. मी सनईकडे हात नेला, तर ती जागेवर नव्हती. आबा नंदीपुढे उभे होते आणि सनई त्यांच्या ओठांत होती. संबळवाला क्षणभर गोंधळला, मग वाजवू लागला. आबांच्या तोंडातून आधी नुसता वारा निघाला. पोरं हसली. मग फाटका, चिरका आवाज निघाला आणि मोठी माणसंही हसली. ज्याची सनई ऐकायला एके काळी चार गावची माणसं यायची, त्याला लोक हसत होते. मी पुढे झालो. आबांनी वाजवता वाजवताच नुसती नजर माझ्याकडे टाकली आणि मी होतो तिथे उभा राहिलो. त्यांनी आरती संपेपर्यंत वाजवलं, एकदाही ओठ काढला नाही. थुंकी हनुवटीवरून ओघळत होती. चुलतभाऊ कधी निघून गेला ते मी पाहिलं नाही, पण सूर कसाही असो, मान आमच्याच घरी राहिला होता.

मग ते माझ्याजवळ आले. सनई धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"दोन म्हैने तोंडाला लावायची न्हाई," ते म्हणाले.

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर मी सगळ्या जत्रेसमोर रडलो असतो.