काचेवरचे चरे

फरशी घासण्याच्या धंद्यात त्याला सगळे आरसा म्हणत. त्याने पॉलिश केलेल्या फरशीत वरचा पंखा फिरताना दिसतो, म्हणून हे नाव. बायकोला ते कधीच पटलं नाही. "आरसा कसला," ती म्हणायची, "घरी येतात ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे." तेही खरं होतं. दगडाची भुकटी त्याच्या भुवयांत, कानांमागे, नखांच्या कडांना बसलेली असायची आणि अंघोळीनंतरही थोडी उरायचीच.

तरुणपणी तो मशीनसमोर पाणी ओतायच्या कामाला लागला. मग चिखल ओढायला. मग एकदा मशीन धरणारा माणूस आला नाही आणि हँडल याच्या हातात आलं. फरशी घासायचं मशीन अडेल बैलासारखं असतं. खाली दगड गरगर फिरतात आणि मशीन सारखी एका बाजूला ओढ घेतं. ते हातांनी नाही, कमरेने धरावं लागतं. दिवसभर धरलं की संध्याकाळी चहाचा कप हातात थरथरतो. आरशाच्या हातातला कप कित्येक वर्षं थरथरत होता. घरात आता कुणी तिकडे बघतही नसे.

कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी तो आधी खाली बघायचा, माणसांचे चेहरे नंतर. मागच्या वर्षी छातीत कळ आली आणि त्याला डॉक्टरकडे न्यावं लागलं. डॉक्टर कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावत होता आणि हा टेबलाखालच्या फरशीकडे बघत होता. दोन फरश्यांमधला सांधा वर राहिला होता, घासणाऱ्याने कंटाळा केला होता. बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर? सांगा बघू."

"जड काम बंद म्हणाले."

"आणि?"

"आणि बरंच काही म्हणाले."

लेक एकुलती एक. दूरच्या शहरात औषधांच्या कारखान्यात, तपासणी विभागात नोकरीला. बोलणं कमी, पण बोलली की पक्कं. परत जाण्याआधी तिने बापाच्या मनगटावर नवं कोरं स्मार्टवॉच बांधलं. ते ठोके मोजायचं आणि इथले आकडे तिला तिथे फोनवर दिसायचे.

"हे काढायचं नाही," ती म्हणाली. "आणि बाबा, पुन्हा मशीनला हात लावलात, तर या घराला कुलूप लावून तुम्हा दोघांना माझ्याकडे नेईन. मग बसा चौथ्या मजल्यावर."

त्या चौथ्या मजल्याची त्याने धास्तीच घेतली. तिने एकदा आपल्या खिडकीतून काढलेला फोटो पाठवला होता. त्यात समोरच्या इमारतीच्या खिडक्या सोडून काहीच नव्हतं. इथे निदान गल्लीत उभं राहिलं की चार माणसं हाक मारायची. तिथे हाक मारणार कोण, आणि कुठल्या नावाने?

तो घरी बसला. खरंतर बसायला त्याची ना नव्हती. अंग इतकं थकलं होतं की पहिले काही दिवस तो जेवून झोपायचा आणि उठून जेवायचा. पण मशीन त्याच्या एकट्याचं नव्हतं. ते त्याचं आणि साडूचं मिळून होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांचा धंदा एक, दोघांचं मशीन एक. साडूला त्याने हृदयाचं सांगितलं नव्हतं, बायकोलाही बहिणीकडे बोलू दिलं नव्हतं. कंबर धरली आहे एवढंच सांगितलं होतं. कंबर बरी होते. हृदय म्हटलं की लोक आधी हळहळतात आणि मग कामाला बोलवायचं कायमचं बंद करतात.

साडूने एका शाळेचं मोठं काम घेतलं होतं, सभागृह आणि तीन मजल्यांचा जिना. एक दिवस तो दारात येऊन उभा राहिला.

"काय म्हणते महाराजांची कंबर?"

"आहे."

"बाळंतीणसुद्धा एवढे दिवस झोपत नाही रे. मशीन मी धरतो, तू नुसते कोपरे कर. बसून करायचं काम आहे."

मशीन कोपऱ्यात पोचत नाही. तिथे दगडाचा तुकडा हातात घेऊन उकिडवं बसायचं आणि गोल गोल घासायचं. म्हणून घासणारे लोक झिजलेला दगड कधी फेकत नाहीत. त्याचे तुकडे थैलीत ठेवतात, जाडसर वेगळे, बारीक वेगळे.

कोपरे करायला गेलेला माणूस दुपार होईतो मशीनवर उभा होता. साडूचा खांदा भरून आला होता आणि समोर अर्धं सभागृह ओलं पडलं होतं. अशा वेळी कोण कोपऱ्यात बसून राहील? इतक्यात फोन वाजला. साडूला मशीन बंद करायची खूण करत त्याने तो उचलला.

"बाबा, ठोके एवढे का वाढलेत?"

"जिना चढलो."

"आपलं घर तळमजल्यावर आहे."

"दुसऱ्यांची घरं असतात की वर."

लेकीने पुढे वाद घातला नाही. मग "बसा जरा, पाणी प्या" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून आरशाने शाळेत पोचल्यावर घड्याळ काढून ठेवायला सुरुवात केली. कुठे ठेवणार? खिसा घामाने भिजलेला. मग थैलीच्या बाहेरच्या कप्प्यात. कापडी कप्पा आहे, मऊ आहे, एवढाच विचार त्याने केला. त्याच कप्प्यात बारीक दगडांचे तुकडे होते हे त्याला माहीत होतं आणि तरी त्या क्षणी डोक्यात आलं नाही. संध्याकाळी घड्याळ पुन्हा मनगटावर चढायचं. मधल्या वेळेबद्दल लेकीने एकदाच विचारलं, तेव्हा "चार्जिंगला लावतो" असं सांगून त्याने विषय मिटवला.

मग एक दिवस तिचा फोन आला की या रविवारी येतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घड्याळ पहिल्यांदा उजेडात धरून नीट पाहिलं. काचेवर तीन लांब चरे होते आणि त्यांच्या आजूबाजूला बारीक रेघांचं जाळं. घरी बसणाऱ्या माणसाच्या घड्याळाला असे चरे पडत नाहीत. दगडाचा चरा कसा दिसतो हे त्याच्या घरात सगळ्यांना कळतं, लेकीला तर आधी.

"तू काय सांगणार तिला?" त्याने बायकोला विचारलं.

"मी आपणहून काही सांगणार नाही. पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मला यात घेऊ नका."

तो घड्याळ घेऊन चौकातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदार गळ्यात भिंग अडकवून बसला होता. त्याने काचेवर नख फिरवलं.

"काका, नख अडकतंय. नख अडकलं की चरा खोल. हा निघत नाही."

"घासून?"

"घासून तर अजिबात नाही. वर एक पातळ थर असतो, तो जाईल. काच बदलायची तर कंपनीकडे पाठवावं लागेल, महिना जाईल. नाहीतर वरून प्लास्टिकची फिल्म लावतो, चरे थोडे झाकतील."

"थोडे म्हणजे?"

"म्हणजे लांबून. घड्याळ कुणाला दाखवायचंय का?"

आरशाने घड्याळ परत घ्यायला हात पुढे केला. दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने मधेच तोंड घातलं, "टूथपेस्ट लावा, माझ्या मेव्हण्याच्या मोबाईलचे गेले." दुकानदाराने हात जोडले. "असले मेव्हणे आहेत म्हणून माझं दुकान चालतं," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने टूथपेस्टच लावून पाहिली. घड्याळाला छान वास आला, चरे होते तिथेच राहिले. बायको म्हणाली, "ठेवा आता. सांगून टाका तिला, मोकळे व्हा." पण त्याचं लक्ष काचेवर होतं. चरा म्हणजे चरा, तो कशावरही पडू दे. फरशीवरचा चरा भरून काढता येत नाही. त्याच्या खोलीपर्यंत सगळी फरशी खाली आणावी लागते, आधी जाड दगडाने, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी पावडर टाकून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा, फिरवायचा. आयुष्यभर हेच केलं. जे शाळेच्या सभागृहावर झालं ते बोटभर काचेवर का नाही होणार?

शनिवारी दुपारी मोरीत बसून त्याने काम काढलं. घड्याळाच्या पट्ट्याला चिकटपट्टी लावली, काचेवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि पॉलिश पेपर हलक्या हाताने गोल गोल फिरवायला लागला. दाब सगळीकडे सारखा, कडा सांभाळून. तीन लांब चरे खरंच दिसेनासे झाले. सगळी काचच दुधासारखी पांढरी झाली होती. त्याचं त्याला काही वाटलं नाही, फरशीही मधल्या टप्प्यात अशीच मेल्यासारखी दिसते, जीव शेवटी येतो. तो बारीक पेपरवर गेला, मग सर्वात बारीक. शेवटी डब्यातली पावडर काढली आणि जुन्या नमद्याचा तुकडा घेऊन घासायला बसला.

चमक आली नाही. त्याने पुन्हा पाणी टाकलं, पुन्हा पावडर, पुन्हा घासलं. मनगट भरून आलं. संगमरवर त्या पावडरीला भुलतो आणि चकाकतो. काचेला तिचं काही देणंघेणं नव्हतं. आत आकडे चालू होते. थंडीत खिडकीच्या ओल्या काचेतून बाहेरचा दिवा दिसावा तसा आतला उजेड दिसत होता, आकडा एकही लागत नव्हता.

बायको मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. तिने बघितलं आणि चहा टाकायला गेली.

रविवारी लेक आली तेव्हा घड्याळ त्याच्या मनगटावर होतं आणि वरून पूर्ण बाहीचा शर्ट. रात्रभराच्या प्रवासाने तिचे डोळे सुजले होते. हातपाय धुऊन ती खुर्चीत बसली, चहा घेतला आणि हात पुढे केला.

"बघू."

"काय?"

"घड्याळ, बाबा."

त्याने बाही वर केली. तिने घड्याळ सोडवून उजेडाकडे नेलं, तिरपं धरलं, पुन्हा सरळ धरलं. त्या पांढऱ्या काचेवर बारीक बारीक वर्तुळं होती, एकात एक अडकलेली. लहानपणी दुपारची शाळा सुटली की ती डबा घेऊन बापाच्या कामावर जायची आणि तो कोपऱ्यात उकिडवा बसून अशीच वर्तुळं काढत असायचा.

"पॉलिश केलंत," ती म्हणाली.

"चरे पडले होते."

"कामावर हातात असतं तर पट्टाही चिखलाने माखला असता. पट्टा नवाच्या नवा आहे." तिने घड्याळ मांडीवर ठेवलं. "थैलीत ठेवत होतात ना?"

त्याने बायकोकडे बघितलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पण लेकीने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"मला दिसत होतं," लेक म्हणाली. "सकाळी आकडे बंद, संध्याकाळी चालू. रोज जेवणाच्या सुट्टीत फोन उघडायचे आणि रिकामी रेघ बघत डबा खायचे."

"मग विचारलं का नाहीस?"

"एकदा विचारलं. चार्जिंग म्हणालात. पुन्हा विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. मग मी काय करणार होते?"

"नेणार होतीस ना आम्हाला. कुलूप लावून."

ती हसली. हसणं तसं नावालाच होतं. "कुठे नेणार होते? मी आणि कारखान्यातली एक मुलगी, आम्ही दोघी एका खोलीत राहतो बाबा. तिथे तिसरी खाट मावत नाही. कपाटाचं दार उघडायचं तर एकीला पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागतं."

"मग तसं म्हणालीस कशाला?"

"दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही घाबराल असं दुसरं काय आहे?"

आरसा फरशीकडे बघत राहिला. चौथा मजला मनातून गेला तशी अंगातली ताकदही गेल्यासारखं त्याला वाटलं. एवढे दिवस आपण कुणापासून काय लपवत होतो? साडूपासून हृदय, लेकीपासून साडू. आणि हँडल धरून उभं राहिलं की डोळ्यांपुढे पांढरं यायचं, ते तर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"मला जमत नाही आता," तो म्हणाला. "पण त्याला एकट्याला मशीन जिन्यावर चढत नाही."

"काकांना माहीत आहे? हृदयाचं?"

"कंबर सांगितली आहे."

लेकीने त्याचा फोन त्याच्यापुढे सरकवला. ओरडली नाही, समजावलं नाही. प्रवासाने तिलाही आता बसवत नव्हतं. त्याने साडूला फोन लावला आणि एका दमात सांगितलं, छातीची कळ, डॉक्टर, घड्याळ, सगळं.

"आणि मी तुला बाळंतीण म्हणालो," साडू म्हणाला.

"म्हणालास."

"मेला असतास म्हणजे माझ्यासमोर. मग तुझ्या मेहुणीने मला घरात घेतलं असतं का?" त्याचा आवाज चिडका होता आणि मधेच चिरकत होता. "उद्यापासून येऊ नकोस. जिन्याचं बघतो मी. जिना अर्धा राहिला तर अर्धा राहील."

"कडा हातानेच कर. मशीन लागलं की टवके उडतात."

"मला शिकवतोस?" साडूने फोन ठेवला.

लेक उठली आणि घड्याळ त्याच्या मनगटावर पुन्हा बांधू लागली. "ठोके मोजायचं मागच्या बाजूला असतं," ती म्हणाली, "ते शाबूत आहे. तुम्हाला काही दिसणार नाही, मला दिसेल." तिने आपला फोन उघडला आणि आकडा यायची वाट बघत त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. थोड्या वेळाने तिने मान मागे टेकवली. तिचे डोळे मिटले होते आणि फोन हातात तसाच उजळलेला होता. त्याने वाकून आकडा बघितला. तो चांगला की वाईट हे त्याला कळलं नाही, पण तिला उठवून विचारावंसं काही वाटलं नाही.