चाळीसगावहून सोबत आलेले ठिपके

चाळीसगाव स्टेशनावर गाडी यायला वीस मिनिटं होती आणि मायच्या पदराखालून रक्त गळत होतं. भर दुपार होती. जखमेत तिने हळद दाबली होती, तरी एक ओघळ कपाळावरून कानापर्यंत आलाच. सकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिचं डोकं आमच्या पिठाच्या गिरणीच्या लोखंडी चौकटीवर दोनदा आपटलं होतं. बंगळुरूला एक्स-रे आणि स्कॅनच्या कोर्सला माझा नंबर लागला होता, आणि माझी कागदपत्रं मायने ज्वारीच्या कोठीत लपवली होती. कुठे लपवली ते तिने आबांना सांगितलं नाही, म्हणून तो मार. आबा दळण द्यायला वळले तेवढ्यात कागद माझ्या पिशवीत आले आणि आम्ही मागच्या दाराने निघालो. मी एकोणीस वर्षांची होते.

"तू जाय," माय म्हणाली. "मांगे देखू नको. माले काही व्हत नही."

मनमाडपर्यंतची गाडी आली. मी मागे पाहिलंच. ती हात हलवत होती, पण भलत्याच डब्याकडे बघून. गर्दीत मी दिसले नसेन असं तेव्हा वाटलं. आज मला कळतं की त्या क्षणी तिला कुठलाच डबा धड दिसत नव्हता.

गावातल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या पोरींनो, तुम्ही माझ्याबद्दल काय बोलता ते माझ्यापर्यंत पोचतं. सवितानं सख्ख्या बापाचं डोकं फोडलं. खरं आहे ते. पण गोष्ट तिथे सुरू होत नाही, म्हणून लिहिते आहे.

आबा दारू पीत नव्हते. गिरणीवर येणाऱ्या म्हाताऱ्यांचा डबा स्वतः उचलून देत. गावात त्यांच्याविषयी कुणी वाईट बोललं नाही. घरात मात्र कशाचंही निमित्त पुरायचं. भाकरी करपली, पट्टा तुटला, वीज गेली. ते मायचे केस मुठीत धरायचे आणि समोर जे असेल त्यावर डोकं आपटायचे. भिंत, उंबरा, पाण्याची टाकी. ती ओरडत नसे, कारण ओरडलं की जास्त बसायचं. मी चौदा वर्षांची असताना मध्ये पडले. त्यांनी लोखंडी माप फेकलं, ते माझ्या कानामागे बसलं. दोन दिवस मी ओकत होते. डॉक्टरांना मायने सांगितलं, सायकलवरून पडली. मीही मान हलवली. शेजारच्या सुरेशनानांना सगळं ऐकू जायचं. ते त्यांचा रेडिओ मोठा करायचे.

बंगळुरूत पहिल्याच दिवशी होस्टेलच्या स्वयंपाकिणीने मला "अक्का" म्हणून हाक मारली. आमच्याकडे अक्का म्हणजे वयाने मोठी बाई. मी दचकून मागे पाहिलं, तर मागे कुणी नव्हतं. मग "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, हे कळायला लागलं. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, गिळायला शिकले, चावायचे नसतात ते. कुणी कपाट जोरात लावलं की माझे हात डोक्यावर जायचे, ते मात्र गेलं नाही. मैत्रिणी हसायच्या. मीही हसायचे.

कोर्स झाला, एका मोठ्या इस्पितळात एमआरआयवर नोकरी लागली. रविवारी मायला फोन करायचे. हळूहळू तिचं बोलणं तुटक व्हायला लागलं. वरणात दोनदा मीठ. गाईचं नाव आठवेना. एकदा म्हणाली, "सवी, ते... ते काय म्हनतस, ज्यामा पानी भरतस?" तिला हंडा म्हणायचं होतं. पन्नाशीतली बाई. सगळे म्हणाले, वय झालं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागात नवं संशोधन सुरू झालं. ते चालवणाऱ्या डॉ. शालिनींनी आम्हा तंत्रज्ञांना बसवून समजावलं. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला तर मेंदूचं काय होतं, हे बरंचसं मुष्टियोद्धे, सैनिक आणि अपघातातले लोक तपासून कळलं होतं. घरात मार खाणाऱ्या बायकांचे मेंदू फार थोड्यांनी पाहिले होते. एमआरआयची एक पद्धत आहे, तिच्यात मेंदूतल्या बारीक रक्तवाहिनीतून कधीकाळी झिरपलेलं रक्त वर्षांनंतरही काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. साध्या स्कॅनवर ते दिसत नाही. आम्हाला अशा बायकांचे स्कॅन करायचे होते, आणि तुलनेसाठी, कधीच मार न बसलेल्या बायकांचेही.

तुलनेसाठी मी नाव दिलं. फॉर्मवर प्रश्न होता, डोक्याला कधी मार बसला आहे का? मी 'नाही' वर खूण केली. खोटं लिहितेय असं मनातसुद्धा आलं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉ. शालिनींनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. उजव्या बाजूला, कानाच्या वर आत, तीन काळे ठिपके. असे ठिपके मी शेकडो पाहिले होते. मग कोपऱ्यातलं नाव वाचलं. ते माझं होतं.

"सविता, तू 'नाही' लिहिलं आहेस," त्या म्हणाल्या. "मी पुन्हा विचारू का?"

मी तासभर बोलत होते. त्या काही लिहीत नव्हत्या. शेवटी मी विचारलं, "माझ्यात तीन आहेत. मग मायमध्ये किती असतील?"

गेल्या हिवाळ्यात मी तिला आणायला गावी गेले. आबा गिरणीत पट्टा बदलत होते, हातात मोठा पाना. मी सांगितलं, मायला तपासायला नेते आहे, गाडी बाहेर उभी आहे. ते वळले.

"कोठे लई चालनी इले? मनी बायको शे ती."

माय उंबऱ्यात पिशवी घेऊन उभी होती. त्यांनी सवयीने तिच्या केसांना हात घातला आणि चौकटीकडे ओढलं. दुसऱ्या हातातला पाना वर गेला. मी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ढकललं. ते मागे गेले, पट्ट्यात पाय अडकला आणि डोक्याचा मागचा भाग त्याच चौकटीवर बसला. तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. त्या क्षणी मला बरं वाटलं. हे लपवून पुढचं लिहिता येणार नाही.

ते उठले. शिव्या दिल्या, पाणी प्यायले, खाटेवर बसले. नाना धावत आले, म्हणाले, "काही नही व्हयनं, बोलतस ना तो." पण आबांना हृदयाच्या त्रासासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती, हे मला माहीत होतं. आणि माणूस नीट बोलत असताना कवटीच्या आत रक्त कसं साचत जातं, ते मी रोज स्क्रीनवर पाहते. मायला घेऊन निघून जाणं सोपं होतं. गाडी उभीच होती. मी दारापर्यंत गेलेही. मग परत फिरले आणि नानांना म्हटलं, "यांना उचला. धुळ्याला न्यायचंय, आत्ता."

वाटेत अर्ध्या तासात त्यांची जीभ जड झाली. धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डावा हात लोळत होता. तिथल्या लोकांनी स्कॅन करतानाच मला स्क्रीनवर दिसलं, मेंदूच्या कडेने रक्ताचा चंद्रकोरीसारखा थर, आणि त्याने मधली रेघ बाजूला सारलेली. डॉक्टरांनी स्ट्रेचरजवळ विचारलं, काय झालं?

आबा कसेबसे म्हणाले, "पाय घसरना, डॉक्टरसाहेब. पडनू मी."

माय माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं हे वाक्य आम्ही दोघींनी म्हटलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी ढकललं. हे माझ्या आईला मारत होते. लिहा तसं."

डॉक्टरांनी लिहिलं. कवटी उघडून रक्त काढलं. पोलीस आले, मी जबाबात तीस वर्षांचं सगळं सांगितलं, आणि मायने पहिल्यांदा प्रत्येक वाक्याला "हां" म्हटलं. आबांनी शुद्धीवर आल्यावर तक्रार नाही म्हणून अंगठा दिला. ते वाचले. डावा हात अधू आहे, गिरणी पुतण्या चालवतो आणि त्यांना जेवायलाही तोच वाढतो. मी फोन करत नाही. वेळेत नेलं याचा पश्चात्ताप नाही, ढकलल्याचाही नाही. दोन्ही एकाच बाईने केलं, हे मला अजून नीट पचत नाही.

मायला मी बंगळुरूला घेऊन आले. तिच्या स्कॅनवर डॉ. शालिनींनी ठिपके मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून चष्मा पुसला. ते ठिपके काढून टाकता येत नाहीत. डोकेदुखी कमी झाली आहे, झोप लागते, शब्द शोधायचे व्यायाम ती करते. पुढे काय होईल ते कुणीच छातीठोक सांगत नाही. हे संशोधन अजून चालूच आहे. त्यात आता आम्ही दोघी आहोत, आणि माझा फॉर्म मी दुरुस्त करून दिला.

कधी कधी सकाळी उठल्यावर ती विचारते, "आपन कोठे शेतस?" मी म्हणते, बंगळुरू. ती म्हणते, "आनि घर?" पूर्वी मी चाळीसगावचं नाव घ्यायचे. आता म्हणते, हेच.

मागच्या आठवड्यात तिच्या हातून पोह्यांची ताटली सुटली. स्टीलची, फरशीवर घणघणत गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते आणि माझे हात डोक्यावर गेले होते. तिचे गेले नाहीत. ती गोल फिरणाऱ्या ताटलीकडे बघत राहिली, थांबेपर्यंत.

"पडनी," ती म्हणाली, आणि पोहे भरायला खाली बसली.