दौलतच्या पायाखालचं मशीन

आमचा दौलत माणदेशातला. ठाण्याच्या वर्तकनगरात पंधरा वर्षं काढली, पण "म्या" म्हणायचं सोडलं नाही. बोलताना मीही सोडलं नाही; एकाच गावचे आम्ही. खोपटजवळ औषधांच्या गोदामात तो फोनच्या वायरी ओढायला लागला, आणि अठ्ठ्याण्णव साल उजाडेपर्यंत सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्याच्या करगोट्याला आली. दहावी नापास गडी, पण बघून बघून सगळं शिकला. सर्व्हरला त्यानं बायकोचं नाव दिलं, मालन. मी माल चढवायचो ती चलनं त्याच मालनवरून निघायची.

मग डोंबिवलीची शुभदा आली. कोर्स केलेली, तोंडात इंग्रजी. गोदामाचे मालक त्र्यंबकसाहेबांनी तिच्या हातानं नवा सर्व्हर बसवला. नाव जुनंच ठेवलं, नंबर नवा. दौलतला कुणी विचारलं नाही. वरून साहेब म्हणाले, "हे जमलं तर किल्ली शुभदाकडे. दौलतला स्टोअरला घेऊ."

तेव्हापासून दौलतच्या पोटात दुखत होतं. तिची फ्लॉपीची डबी दिसली तरी तोंड वळवायचा. "डबीत डबी," म्हणायचा, "डबीपायी पोरीला डबा खायला वेळ न्हाई."

सोमवारी चलन निघेना. नाव कुठल्या नंबरावर राहतं, हे कॉम्प्युटर एका नोंदवहीला विचारतात. तिला डीएनएस म्हणतात. नवी मालन आपला नंबर तिथं नोंदवायला जायची आणि वही हाकलून द्यायची: हे नाव आधीच नोंदलंय. मग सगळे कॉम्प्युटर खोक्यात भरलेल्या जुन्या मालनचं दार ठोठावत बसायचे. फाटकात चार टेम्पो उभे.

शुभदानं नवा सर्व्हर तीनदा बंद-चालू केला. तीनदा तीच एरर. "वही दुसऱ्याच मशीनवर आहे," ती म्हणाली, "पण ते मशीन ठेवलंय कुठे?"

दौलत कोपऱ्यातल्या टेबलाशी चहा पीत होता. टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटरचा डबा घुरघुरत होता आणि त्याच्यावर दौलतनं चपला काढून पाय टेकले होते.

मी जवळ गेलो. "वही यातच हाय न्हवं?"

"असंल."

"मग सांग की तिला."

"मला कुणी ईचारलं? लग्नात मामाला बोलवायला माणूस येतो, तवा मामा मांडवात पाय टाकतो. बिनबोलावता गेलेला मामा तू बघितलायस?"

"आरं, टेम्पोवाले शिव्या घालाय लागलेत."

"मला न्हाईत घालत."

दुपारी साहेब स्वतः आले. "दौलतराव, जरा बघता का?"

झालं, बोलावणं आलं. दौलत उठला, चपला घातल्या, टोपी सारखी केली आणि दिमाखात म्हणाला, "सतरावी ओळ. नाव म्या हातानं लिवलंय आन् कुलूप घातलंय, म्हणून नव्या मशीनला नोंदवता येत न्हाई. ती पुसा, नवा नंबर टाका." वाकून डब्याला कळफलक जोडला, पासवर्ड मारला आणि ओळ बदलली. पाच मिनिटांत पहिलं चलन बाहेर आलं.

साहेब खूश झाले. शुभदा मात्र टेबलाखाली बघत होती.

"न बघता ओळ सांगितलीत," ती म्हणाली. "म्हणजे सकाळपासून माहीत होतं."

दिमाख दाखवायच्या नादात दौलतनं स्वतःच स्वतःला पकडून दिलं होतं.

साहेबांनी हात पुढं केला. दौलतनं सगळ्यांसमोर सदरा वर करून करगोट्याची किल्ली सोडली. पॅकिंगच्या बाया हसल्या.

"स्टोअरला नको, सर," शुभदा म्हणाली. "सगळ्या ओळी यांना पाठ आहेत. माझ्या हाताखाली राहू देत."

संध्याकाळी बसस्टॉपवर मी म्हणालो, "चांगली निघाली की रं पोरगी."

"त्याचाच तर ताप," दौलत म्हणाला. "वाईट असती तर शिव्या तरी दिल्या असत्या."

दुसऱ्या दिवशी तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. ती ओळी विचारायची, तो सांगायचा. विचारल्याशिवाय एकही सांगायचा नाही.