त्या दिवशीचं पाणी

आमच्या गावच्या तलावात पाणी किती आहे हे बघायला लोक तलावावर जात नसत, आमच्या घरी येत. बाबा पाटबंधारे खात्याचे चौकीदार होते. रोज सकाळी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालत जायचं, पाणी सोडायच्या दरवाजाजवळ भिंतीवर रंगवलेली पट्टी होती तिच्यावर पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते पाहायचं आणि रजिस्टरात आकडा लिहायचा, एवढंच काम. पण त्याचा तोरा असा की पाण्याचा विषय निघाला की गावातली भली भली माणसं बाबांपुढे आवाज खाली आणत. आई म्हणायची, "माह्या तोंडाकडे पाहाले टाइम नाई, पट्टीकडे मात्र रोज पाह्यतात." बाबांना त्यातला टोमणा कळायचाच नाही. ते म्हणायचे, "तुहं तोंड काय रोज बदलते?"

त्यांच्या रजिस्टरात एक खाना रिकामा नव्हता. आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा मातीला निघण्याआधी ते पट्टी पाहून आले होते. नातेवाईक नाराज झाले. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. साहेब तपासणीला आला की ते रजिस्टर उघडून बाजूला उभे राहात, आणि साहेबाने पान उलटलं की मुलीच्या सासरची माणसं घर पाहायला आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

मी नववीत असताना बाबांना टायफॉइड झाला. पुसदच्या दवाखान्यात त्यांना भरती केलं, आई सोबत गेली, आणि मला चाचीकडे ठेवलं. आमच्या घरामागून उतार सुरू होतो. उताराच्या तळाशी मुसलमान कारागिरांची वस्ती, पुढे थोडी सोयाबीन-तुरीची वावरं आणि मग तलाव. त्या वस्तीतलं पहिलं घर चाचीचं. चाचा मोटारसायकली दुरुस्त करायचे. चाचीला मुलगी नव्हती, म्हणून मला तिच्याकडे माझ्या घरापेक्षा जास्त वाढलं जायचं.

जीपमध्ये बसताना तापानं फणफणलेल्या बाबांनी माझ्या हातात एक कच्ची वही दिली. "रोज जाय. आकडा लिवून ठेव. मी आलो का रजिस्टरात चढवतो. खाना खाली ठेवू नको, समजलं?" मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला मिरवायला मिळणार होतं. तीन दिवस मी पाळीवरून वही छातीशी धरून गेले, आकडा वाचला आणि लिहिला. पाऊस रोज होता. पाणी रोज दोन-तीन बोटं चढत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी निघाले तेव्हा पावसानं समोरचं दिसत नव्हतं. पट्टीपाशी जायला, तलावाचं जादा पाणी जिथून वाहून जातं त्या सांडव्यावरून जावं लागे. एरवी तिथं पाय ओले होतील एवढंच पाणी असायचं. त्या दिवशी ते असं धावत होतं की आवाजानंच माझे पाय थांबले. अशा वेळी बाबा पलीकडून, वावरांतून लांबचा फेरा घेत. मला तो रस्ता माहीत होता. मी गेले नाही. भ्याले आणि परत फिरले. आजही हे लिहिताना वाटतं की लहान होते म्हणून सोडून द्यावं, पण मी इतकी काही लहान नव्हते.

परत आले तर चाचीच्या अंगणात पाणी. बघता बघता ते चुलीत शिरलं. आम्ही पिठाचे डबे, गाद्या, चाचांची हत्यारं डोक्यावरून शाळेत नेली. सगळी वस्ती शाळेत आली होती. संध्याकाळी तिथल्याच एका बाकावर बसून मी वही उघडली. चौथ्या दिवसाचा खाना कोरा होता. आदल्या दिवशीच्या आकड्यात दोन बोटं वाढवली आणि लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, पाणी उतरलं, मी पुन्हा पट्टीपर्यंत गेले आणि खरा आकडा लिहिला. तो माझ्या खोट्या आकड्याच्या शेजारी असा शहाण्यासारखा बसला की शंका घ्यायला कुणाला जागा राहिली नाही.

बाबा आले ते हाडं घेऊनच. अंथरुणावर बसून त्यांनी आधी वही मागितली, सगळे आकडे आपल्या टपोऱ्या अक्षरात रजिस्टरात उतरवले, खाली सही केली. मग चाची आली आणि म्हणाली, "भाईजान, तालाब घर में घुस गया था." बाबांनी रजिस्टरावर बोट ठेवलं. "भाबी, तलाव त्या दिवशी इथं होता. तुमच्या घरात आलं थे नाल्याचं पानी." वस्तीच्या कडेनं एक नाला तलावाला मिळतो. चाचीनं थोडा वाद घातला, मग गप्प झाली. पाण्याबद्दल बाबांच्या पुढे कोण बोलणार? नुकसानीच्या पंचनाम्यातही नाल्याचं पाणी असंच लिहिलं गेलं. मी तिथंच उभी होते, मूग गिळून. आधी वाटलं, सांगितलं तर बाबांची नोकरी जाईल. नंतर वाटलं, आता कशाला. पुढे माझं लग्न झालं, केळापूरकडे शाळेत नोकरी लागली, बाबा निवृत्त झाले, आई गेली, आणि ती गोष्ट माझ्या मनात कुठंतरी तळाला जाऊन बसली.

मागच्या उन्हाळ्यात चाचीचा फोन आला. तलावाच्या काठावरची वावरं विकली गेली होती आणि तिथं घरांच्या प्लॉटांचा ले-आउट पडणार होता. मोठा फलक लागला होता. त्याच्यावर निळंशार पाणी आणि काठावर गवताची टोपी घालून मासे धरणारा एक गोरापान माणूस. आमच्या तलावात गोरं म्हणून फक्त बगळे येतात, पण फलकाला कोण विचारतो. प्रश्न फलकाचा नव्हता. वावरांवर पुरुषभर मुरमाचा भराव टाकायचा होता. चाची म्हणाली, "बेटी, वो ऊँचे हो जायेंगे तो पानी किधर जायेगा? मेरे घर में." वस्तीनं नगर पंचायतीत हरकत घेतली होती. सुनावणीची तारीख लागली होती. अडचण एकच होती. आराखड्यात लिहिलं होतं की तलावाचं पाणी वावरांच्या वस्तीकडच्या टोकापर्यंत कधीच आलेलं नाही, आणि पुरावा म्हणून जोडलं होतं बाबांचं रजिस्टर. "तू आ जा," चाची म्हणाली. "तेरे बाबा तेरी सुनते हैं."

मी आदल्या दिवशी दुपारी पोचले. बाबा सदऱ्याला इस्त्री करत होते. त्यांना नगर पंचायतीनं जाणकार म्हणून बोलावलं होतं. पत्र आलं होतं, ते त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना पाण्याबद्दल विचारणार होतं. मी म्हटलं, "बाबा, चाची म्हणते थे खरं असन तर?" ते हसले. "भाबी चांगल्या हाय. पण तलाव मले मालूम हाय, का त्याहिले?" मी इस्त्रीचा प्लग काढला, सदरा खुंटीला लावला आणि चहा ठेवायला आत गेले. वर्गात चाळीस मुलांना दटावून खरं बोलायला लावणारी बाई मी. त्या दुपारी मला एक वाक्य बोलता आलं नाही.

सुनावणी सभागृहात होती. समोर मुख्याधिकारी, शेजारी अभियंता, टेबलावर नकाशा. एका बाजूला ले-आउटवाले, दुसऱ्या बाजूला वस्तीतली माणसं, आणि मधल्या खुर्चीत बाबा, कडक इस्त्रीचे. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून रजिस्टर आणलं होतं. बाबांनी ते हातात घेतलं, पान शोधलं नाही, उघडलंच. जुना सोयरा भेटल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

मुख्याधिकारी तरुण होते, बोलायला मवाळ. "काका, त्या वर्षी वस्तीत पाणी शिरलं ते तलावाचं होतं का?"

"नाई साहेब. नाल्याचं होतं. तलाव त्या दिवशी इथं होता." बोट माझ्या आकड्यावर.

चाची उठली. "भाईजान, मेरे चूल्हे में मछली निकली थी. नाले में कहाँ से आयी मछली?"

"भाबी, नाल्यालेबी मासोया असतात."

सभागृहात हशा पिकला. बाबाही हसले. चाची खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.  तिच्या घरचं आठवडाभर जेवून मी तिला सगळ्या गावात खोटं पाडलं होतं, आणि ते तिला माहीतसुद्धा नव्हतं.

मी उभी राहिले. "तो आकडा खोटा आहे. बाबा तेव्हा दवाखान्यात होते. पट्टी वाचायला मला ठेवलं होतं. मी सांडव्यापासून परत फिरले. पाणी खूप होतं म्हणूनच फिरले. आकडा मी मनानं लिहिला."

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी चष्मा काढला, मिटला आणि खिशात ठेवला. मग मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, सही माही हाय. ड्युटी माही होती. पोरीचं नाव कायले लिवता? लिवा, का चौकीदार जाग्यावर नव्हता अन् त्यानं आकडा लिवला."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "बैल गेला अन् झोपा केला." ले-आउटवाल्यांचा वकील मात्र लगेच उठला. म्हणाला, काका मघाशी एक सांगत होते, आता दुसरं सांगतात. आणि एक आकडा मनानं लिहिला म्हणता, तर बाकीचे तरी खरे कशावरून?

त्या प्रश्नावर बाबांनी मान वर केली. हातातलं रजिस्टर मिटून टेबलावर ठेवलं. नोकरीभर ऊन-पावसात रोज सकाळी जाऊन आणलेले आकडे होते ते. मी ते एका वाक्यात कवडीमोल केले होते. 

मुख्याधिकाऱ्यांनी मला शांतपणे विचारलं, "मॅडम, याचा काही कागद? ती कच्ची वही?" वही केव्हाच चुलीत गेली होती, आणि असती तरी तिच्यात तोच आकडा होता. ते म्हणाले, "तुमचं तोंडी म्हणणं नोंदवून घेतो. पण कागदाविरुद्ध कागदच लागतो." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, याचाच मला जास्त राग आला.

पावसाळ्याआधी निर्णय आला. नाला रुंद करण्याच्या अटीवर ले-आउट मंजूर. दिवाळीनंतर मुरमाचे टिप्पर सुरू झाले. आता चाचीच्या दारातून तलाव दिसत नाही, मातीचा बांध दिसतो. मी तिच्याकडे गेले तेव्हा माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून गेले होते. तिनं ते पूर्ण होऊ दिलं नाही. "तब बोलती तो तेरे बाबा की नौकरी जाती. अब बोली तो देर हो गयी. तू भी क्या करती, बेटी." मग तिनं मला जेवायला वाढलं. 

बाबा मात्र मला काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी पाळीवर फिरायला जात आणि घरी येऊन शेजाऱ्यांना पाणी किती आहे ते सांगत. सुनावणीनंतर जाणं बंद झालं. गावात कुणी विचारलं, काका, यंदा तलाव किती भरला, तर म्हणतात, "नव्या चौकीदाराले इचारा."

परवा संक्रांतीच्या सुट्टीत गेले होते. दुपारी आम्ही दोघं अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. टिप्परची ये-जा चालू होती.  मग हातातली शेंग तशीच धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक इचारू? त्या दिवशी पानी खरं किती होतं?"

"मी पट्टीपर्यंत गेलेच नाही, बाबा."

"थे समजलं मले. पण सांडव्यापासून दिसलं असन ना काही. कोणत्या रेघेले होतं?"

मी आठवून पाहिलं. मला फक्त आवाज आठवला, आणि छातीशी घट्ट धरलेली वही. पाण्याकडे मी पाहिलंच नव्हतं. पाठ फिरवली होती.

"नाही आठवत, बाबा."

त्यांनी शेंग सोलली.  मग अगदी हळू, जणू माझ्याकडून काही उसनं मागत असल्यासारखे म्हणाले, "अंदाजे तरी सांग."

माझ्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे अंदाज मागितला होता, आणि मला तोही देता आला नाही.